तो बोल्ट तुटायलाच असतो: ट्रॅक्टर, रोटावेटर आणि माझी एक घोडचूक



मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. पोरगा आपल्या सिंदखेडराजाकडचा, सध्या नोकरीला पुण्यात. म्हणाला, "दादा, एकदा एटीव्हीवर बोल ना. अलिबागला बीचवर चालवली, लय मजा आली. घेतली तर मेंटेनन्स काय असतो?"

आता खरं सांगतो, एटीव्ही मी आयुष्यात दोनदा चालवली. दोन्ही वेळा ऑफिसच्या सहलीत, आणि दोन्ही वेळा पैसे कंपनीचे. त्यामुळे त्यावर मी काय डोंबल बोलणार? पण एटीव्ही म्हणजे शेवटी काय, कुठल्याही जमिनीवर चालणारी गाडी. तशी एक गाडी आमच्या घरी आहे. पांदण रस्त्याच्या गुडघाभर चिखलातून जाते, धुऱ्यावर चढते, पऱ्हाटीच्या दोन ओळींतून निघते. 24 एचपीचा छोटा ट्रॅक्टर, चारही चाकांना जोर असलेला. आणि ही जोड मी ओढूनताणून लावत नाहीये बरं का. पोलारिस कंपनीने 'स्पोर्ट्समन 570' या त्यांच्या एटीव्हीची एक आवृत्ती भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून आणली होती. म्हणजे नातं जवळचंच आहे.

तर आज ट्रॅक्टर आणि त्याच्या मागे जोडायच्या वस्तू. त्यातही जास्त रोटावेटर, कारण माझी चूक तिथे झाली.

माझी ओळख नवीन लोकांसाठी. मी बीटेक केलेला सॉफ्टवेअरवाला. गाव चिखली तालुक्यात, म्हणजे घाटावरचा. घाटाखालच्या मंडळींनी रागावू नये, तुमची जमीन आमच्यापेक्षा भारी आहे हे मान्य. आमच्याकडे काळी माती आहे, पण तिच्या पोटात धोंडे आहेत. नांगरताना दरवर्षी नवीन निघतात. कुठून येतात देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी घरून काम घेऊन गावी आलो होतो. पहिला पाऊस बरा झाला. आता ज्यांचं शेताशी नातं तुटलंय त्यांच्यासाठी सांगतो. सोयाबीन पेरायला साधारण 75 ते 100 मिलिमीटर पाऊस व्हावा लागतो आणि मग वाफसा यावा लागतो. वाफसा म्हणजे माती ओली आहे पण चिकटत नाही, अशी मधली अवस्था. ती तीन-चार दिवस टिकते. त्या तीन-चार दिवसांत गावातला प्रत्येक ट्रॅक्टर शेतात असतो. त्या वेळी भाड्याने ट्रॅक्टर मागायला जाणं म्हणजे लग्नाच्या तिथीला मंडप मागायला जाणं.

आम्ही पेरणीआधी रोटावेटर फिरवायला काढला. बाबांची पाठ दुखत होती म्हणून मी सीटवर, आणि काका सोबत. सकाळी अकरापर्यंत बोल्ट तीनदा तुटला.

कुठला बोल्ट? ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा बाहेर येतो, त्याला पीटीओ म्हणतात. त्यावर एक शाफ्ट बसतो, दोन्ही टोकांना जॉइंट असलेला, आणि तो रोटावेटरचा गिअरबॉक्स फिरवतो. इंजिनची सगळी ताकद त्या शाफ्टमधून पाती लावलेल्या रोटरपर्यंत जाते. आता पातं एखाद्या धोंड्यात अडकलं, तर रोटर थांबतो, पण इंजिन थांबत नाही. मग मधलं काहीतरी मोडणार. काय मोडावं हे कंपनीने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. शाफ्टच्या एका टोकाला एक बारका बोल्ट असतो, शिअर बोल्ट. आमच्याकडे त्याला सेफ्टी बोल्ट म्हणतात. तो मधोमध कापला जातो, शाफ्ट मोकळा फिरतो, बाकी सगळं वाचतं. घरातल्या फ्यूजसारखं. काही रोटावेटरला बोल्टऐवजी घसरणारा क्लच असतो, काम तेच.

हे मला तेव्हा माहीत होतं का? अर्धवट. "तुटला की बदलायचा" इतकंच. तीन बोल्ट संपले, चौथा डब्यात नव्हता. चिखलीला जाऊन यायचं तर दोन तास. मग मी शेडमध्ये शोधलं आणि मला एक सुंदर काळा बोल्ट सापडला. डोक्यावर 12.9 लिहिलेलं. जाडी बरोबर तीच, 10 मिलिमीटर. फक्त लांब होता, नटाच्या बाहेर तीनेक सेंटिमीटर येत होता. मी म्हटलं, येऊ दे. लावला.

आणि मंडळी, पुढचा दीड दिवस तो बोल्ट तुटला नाही! मी काकांना अभिमानाने सांगत होतो, "बघा, मटेरियल चांगलं पाहिजे." माझ्या प्रोफेशनमध्ये याला म्हणतात, एरर मेसेज बंद करून बग सुटला असं समजणं. ज्युनिअर पोराने असं केलं तर मी त्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पात्याला धोंडा लागला. आवाज असा झाला की शेजारच्या शेतातला माणूस वखर सोडून बघायला आला. रोटर थांबला, बोल्ट शाबूत, आणि गिअरबॉक्समधून कुटुरकुटुर आवाज. आत क्राउन-पिनियनचे दात गेले होते.

संध्याकाळी मिस्त्री आले. साठीचे आहेत, शाळा किती शिकले मला माहीत नाही, पण हात लावून सांगतात की बेअरिंग किती महिने जाईल. त्यांनी आधी गिअरबॉक्सकडे पाहिलंच नाही. शाफ्टपाशी बसले आणि बोल्टवर बोट ठेवलं.

"हा कोनं टाकला?"

"मी."

"कावून?"

"जुना सारखा तुटत होता, मिस्त्री."

"थो तुटासाठीच राह्यते ना भाऊ. तू त इंजिनिअर हायेस ना?"

काय बोलणार. मग त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या.

पहिली, आकडा. बोल्टच्या डोक्यावर 8.8, 10.9, 12.9 असे आकडे असतात. टिंबाच्या आधीचा आकडा ताकदीचा. 8 म्हणजे एका चौरस मिलिमीटरला साधारण 80 किलोचा ताण सोसून तुटणार, 12 म्हणजे 120 किलोचा. आमच्या रोटावेटरच्या पुस्तकात 10 मिलिमीटर, 8.8 असं स्वच्छ लिहिलंय. मी दीडपट मजबूत टाकला. मग धोंड्याच्या झटक्याला पुढची कमजोर जागा सापडली, ती निघाली गिअर. तुमच्या मशीनचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तक बघा, माझं ऐकून 8.8 लावू नका.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मिस्त्रींनी तो बोल्ट काढून भोक दाखवलं. ते गोल नव्हतं, अंडाकृती झालं होतं. मागे कधीतरी कुणीतरी, म्हणजे आमच्यापैकीच कुणीतरी, 10 च्या जागी 8 चा बोल्ट टाकून काम भागवलं होतं. बारका बोल्ट मोठ्या भोकात आपटत राहिला आणि भोक घासलं. त्यामुळे नंतर योग्य बोल्ट टाकला तरी तो खुळखुळायचा आणि दर थोड्या वेळाने तुटायचा. म्हणजे तीन बोल्ट तुटले ते धोंड्यांमुळे नाहीच! त्या सकाळी मी एकदा जरी खाली वाकून भोक पाहिलं असतं, तर योक बदलून गोष्ट तिथेच संपली असती. तुटलेले तीन तुकडे तर मी न बघता फेकून दिले होते. लॉग वाचायचा असतो, तो मी डिलीट करत होतो.

गिअरबॉक्सला साडेचौदा हजार लागले. सामान जालन्याहून आलं, दोन दिवसांनी. तोवर वाफसा निघून गेला. पेरणी नऊ दिवस उशिरा झाली. त्याचं नुकसान मी मोजलं नाही, बाबांनी मोजलं असेल, पण मला सांगितलं नाही.

इथपर्यंत ही पैशाची गोष्ट आहे. आता पुढची.

मिस्त्री शाफ्ट पुसत होते. त्यांनी त्या लांब बोल्टच्या मुळाशी गुंडाळलेले पांढरे धागे नखाने ओढून काढले. "हा कपडा कोनाचा?" असं विचारलं. मी आणि काका एकमेकांकडे पाहिलं. घरी आम्ही कुणीच ते सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी सकाळी, शेताच्या कडेला, मी सीटवर होतो. पीटीओ चालू, इंजिन हळू. काकांना वाटलं गिअरबॉक्समधून तेल गळतंय, म्हणून ते मागे वाकले. त्यांच्या गळ्यात दुपट्टा. आमच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर कधीच तुटून पडलेलं, ते कुणी परत बसवलं नव्हतं. त्या तीन सेंटिमीटर बाहेर आलेल्या बोल्टने दुपट्ट्याचं टोक पकडलं.

मला फक्त फर्रकन आवाज आला. मागे वळलो तर काका बसलेले, मानेवर लाल वळ, आणि शाफ्टवर अर्धा दुपट्टा फिरतोय. दुपट्टा जुना होता, विरलेला. फाटला. काका म्हणाले, "काही नाही झालं रे. जुनाच होता." आणि आम्ही परत कामाला लागलो. खरंच लागलो! वाफसा जात होता ना.

त्या रात्री मी गणित मांडलं, झोप येत नव्हती म्हणून. पीटीओ ठरलेल्या वेगावर मिनिटाला 540 फेरे फिरतो. सेकंदाला 9. जॉइंटजवळची जाडी 10 सेंटिमीटर धरली तर एका फेऱ्यात 31 सेंटिमीटर कपडा गुंडाळला जातो. सेकंदाला पावणेतीन मीटर. तेव्हा इंजिन हळू होतं म्हणून निम्मं धरा. तरी दुपट्ट्याच्या टोकापासून काकांच्या गळ्यापर्यंतचं अंतर एका सेकंदात संपतं. क्लचवर पाय जाईपर्यंत तर मला कळलंही नसतं की काय झालं.

आणि इथे एक मोठा गैरसमज आहे, तो माझाही होता. नाव सेफ्टी बोल्ट, म्हणून वाटतं माणूस अडकला तर तो तुटेल आणि माणूस वाचेल. अजिबात नाही. तो बोल्ट धोंड्याच्या झटक्यासाठी आहे. माणसाचा हात, मान, साडीचा पदर यांचा विरोध त्या शाफ्टला जाणवतसुद्धा नाही. बोल्ट मशीन वाचवतो. माणसाला वाचवतं ते शाफ्टवरचं कव्हर, आणि शाफ्ट फिरत असताना जवळ न जाणं.

मळणीयंत्राबाबत आपल्याकडे 1983 साली कायदाच झाला, धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा. कारण मळणी करताना इतक्या लोकांचे हात जात होते. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडेंच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, त्यात एक हात किंवा एक डोळा गेला तर 1 लाख, मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात. योजना माहीत असावी म्हणून सांगतो. आणि आकडा ऐकून कव्हर बसवावंसं वाटलं तर तेही बरंच. आम्हाला ते 900 रुपयांत बसवून मिळालं.

कव्हर बसवलंत तर एक बघा. त्याला दोन्ही टोकांना बारकी साखळी असते. ती ट्रॅक्टरला आणि रोटावेटरला अडकवायची, म्हणजे आत शाफ्ट फिरतो आणि कव्हर स्थिर राहतं. साखळी लावली नाही तर कव्हरही फिरतं, घासतं आणि वर्षभरात तुटतं. आमचं तसंच तुटलं होतं.

बरं. आता आमच्याकडे काय बदललं ते सांगतो, झरझर.

सगळ्यात आधी वही. मी अर्थातच गूगल शीट बनवली होती, ड्रॉपडाउनसकट. कुणी भरली नाही. मग शेडमध्ये दोरीला पेन बांधून वही टांगली, ती बाबा रोज भरतात. तारीख, मीटरचे तास, काय केलं, काय तुटलं. तासांबद्दल एक गंमत कळली. काकांच्या जुन्या मोठ्या ट्रॅक्टरवर काट्याचं मीटर आहे, त्याचा तास घड्याळाचा तास नसतो. ते इंजिनच्या फेऱ्यांवर चालतं. मंद इंजिनवर तासभर उभा ठेवला तर मीटर तासापेक्षा कमी दाखवतं, फुल रेसवर काम केलं तरच तास भरतो. ऑइल बदलायचा हिशोब या मीटरच्या तासांवर ठेवायचा, कारण पुस्तकातले तास तेच असतात.

शाफ्टच्या दोन्ही जॉइंटच्या क्रॉसला रोज काम सुरू करायच्या आधी ग्रीस. निप्पल आधी फडक्याने पुसायचं, नाहीतर ग्रीसपंपाने आपण मातीच आत ढकलतो. शाफ्टचे दोन पाइप एकात एक सरकतात, तिथेही ग्रीस लागतं, हे फार लोक विसरतात. तो सरकायचा थांबला की रोटावेटर वर उचलताना सगळा दाब गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. पात्यांचे नट रोज संध्याकाळी बघायचे. एक सैल पातं सगळा रोटर हादरवतं.

एअर फिल्टर. मे महिन्यात कोरड्या रानात रोटावेटर फिरवला की मागे जो धुरळा उठतो, तो इंजिन ओढत असतं. जुन्या ट्रॅक्टरला खाली तेलाची वाटी असते, त्या दिवसांत ती रोज उघडून बघा, खाली गाळ बसलेला दिसेल. नवीन कागदी फिल्टरला हवा मारायची ती आतून बाहेर, आणि हळू. पंक्चरवाल्याचा पंप फुल दाबाने मारला की कागदाला भोकं पडतात, दिसत नाहीत, आणि माती थेट सिलिंडरमध्ये. मोठ्या फिल्टरच्या आत अजून एक छोटा असतो, त्याला धुवायचं नाही, झटकायचं नाही. खराब झाला की बदलायचा.

सोयाबीन काढताना ट्रॅक्टर मळणीयंत्राला लावला की कुटार उडून रेडिएटरच्या जाळीत बसतं. इंजिन तापलं की लोक पाणी कमी झालं समजून टोपी उघडतात. गरम असताना उघडू नका, तोंडावर येतं. आधी जाळी साफ करा, हवा इंजिनच्या बाजूने बाहेरच्या बाजूला मारून.

फोर-व्हील ड्राइव्ह. एटीव्हीवाल्या मित्रा, हे तुझ्यासाठीसुद्धा. चारही चाकांचा जोर फक्त मातीत. आमच्या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात, चिखलात थोडी घसरतात म्हणून ते खपतं. डांबरावर घसरायला जागा नसते. मग टायर घासतो आणि आतल्या गिअरवर ताण बसतो. मी गावापासून चिखलीपर्यंत लिव्हर न काढता गेलोय, एकदा नाही, सहा महिने. पुढच्या टायरची नक्षी बघून मिस्त्रींनी मला परत तोच प्रश्न विचारला, इंजिनिअर असण्याबद्दलचा.

रस्त्यावर अजून एक. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, शेतात गर्रकन वळायला. रस्त्यावर निघताना दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावायचीच. एकच पेडल दाबलं गेलं आणि मागे कापसाने भरलेली ट्रॉली असेल, तर ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीच्या पिनेला वरून आरपार क्लिप हवी, तारेचा तुकडा नको. मागे लाल रिफ्लेक्टर लावा, खामगावच्या मार्केटहून येताना हमखास रात्र होते.

रोटावेटर वर उचलून त्याच्या खाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिकचा लिव्हर कुणाचा धक्का लागून खाली आला तर दोनेक क्विंटलचं लोखंड अंगावर येतं. पाती बदलायची असतील तर खाली लाकडी ठोकळे लावा, इंजिन बंद करा, आणि चावी खिशात ठेवा. काढून डॅशवर ठेवली तरी चालत नाही, कारण घरात लहान पोरं असतात. काम झालं की रोटावेटर जमिनीवर टेकवून उभा करायचा.

पेरणी-मळणी संपली की उंदीर वायरी खातात. यावर मला अजून उपाय सापडलेला नाही. मांजर पाळलं, ते सीटवर झोपतं.

आणि बोल्ट. आता टूलबॉक्समध्ये एक डबी आहे, पुस्तकात सांगितलेल्या मापाचे, बरोबर लांबीचे दहा बोल्ट, नटासकट. वर मार्करने लिहिलंय, "हेच". तुटलेला बोल्ट फेकायचा नाही, त्याच डबीच्या झाकणात ठेवायचा आणि वहीत तास लिहायचे. मागच्या हंगामात दोन तुटले. दोन्ही वेळा बाबांनी भोक बघितलं, मग मला पुण्याला फोटो पाठवला. भोक गोल होतं. धोंडाच होता.

काका अजून दुपट्टा घालतात. मी एकदा म्हणून पाहिलं, तर मला म्हणाले, "उन्हात तू येतोस का?" मग असं ठरलं की पीटीओ चालू करायच्या आधी सीटवरच्याने जोरात "चालू!" म्हणायचं, आणि काकांनी धुऱ्यावर जाऊन उभं राहायचं. पहिले काही दिवस त्यांना ते पोरखेळ वाटत होतं. आता ते स्वतः सीटवर असले की इतक्या जोरात ओरडतात की शेजारचे बैल बुजतात.

एक काम देतो. या रविवारी गावी गेलात, किंवा घरी फोन केलात, तर ट्रॅक्टर बंद असताना मागच्या शाफ्टचा फोटो काढा किंवा मागवा. कव्हर आहे का, साखळी लावली आहे का, आणि बोल्टच्या जागी काय लावलंय, एवढं बघा. खिळा, सळईचा तुकडा, काहीही निघू शकतं. फोटो मला पाठवा, नाव न सांगता पुढच्या भागात बोलू.

पुढच्या वेळी फवारणीचा पंप आणि त्याचे नोझल. चला, भेटू.